आमटीत चुरलेला ब्रेक

आमच्या गाडीच्या ब्रेकमधला बिघाड आम्ही घरच्या सगळ्यांनी मिळून आमटीत चुरून खाल्ला, आणि तो चवीला चांगला होता.

हे मी कुठल्याही गॅरेजात सांगितलं की तिथले लोक माझ्याकडं न बघता माझ्या बायकोकडं बघतात. म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

माझी धाकटी बहीण पल्लवी दुधनीला दिलेली. तिचं डोहाळजेवण ठरलं, तेव्हा तिनं फोनवर आईकडं एकच गोष्ट मागितली: तुझ्या हातची कडक भाकरी. ही भाकरी म्हणजे ज्वारीची, पातळ थापून, भाजून, वाळवून खुटखुटीत केलेली. महिनाभर टिकते, पण धक्का म्हणून सोसत नाही. (स्वभावानं थोडीफार आमच्या आईसारखीच.) मागच्या खेपेला एसटीनं पाठवलेल्या भाकऱ्यांचा पोचेपर्यंत भुगा झाला होता, आणि पल्लवीच्या सासूबाई हसत म्हणाल्या होत्या की सोलापुरात आता भाकरी थापत नाहीत वाटतं, पीठच पाठवून देतात. आईला ते फार लागलं. या वेळी भाकऱ्या अखंड पोचवायच्या, नाहीतर विहीणबाईंना तोंड दाखवायचं नाही, असं तिनं घरात जाहीर केलं.

आईचं म्हणणं होतं, रेल्वेनं जाऊ, मी भाकऱ्या मांडीवर घेऊन बसते. पण मी नुकतीच गाडी घेतलेली! (गाडी जुनी, मी नवीन.) ती दारात उभी असताना आम्ही पिशव्या घेऊन स्टेशनला निघालो असतो तर अख्खी भवानी पेठ हसली असती.

"एक जरी भाकर मोडली तर रं?" आईनं विचारलं.

"तर मी परत स्टेअरिंगला हात लावणार नाही," मी म्हणालो. हे वाक्य बायकोनं, म्हणजे मेघानं, लगेच लक्षात ठेवलं.

निघताना प्रश्न आला की भाकऱ्या ठेवायच्या कुठं. आईच्या मांडीवर ओटीचं सामान होतं, मेघाच्या मांडीवर शेंगाचटणीचा डबा. डिकीत स्टेपनी, आणि स्टेपनी रस्त्याला लागलेली, म्हणून ती सोवळ्यात बसेना. मागं खाली ठेवावं तर तिथं पाय येणार, आणि अन्नाला पाय लागलेला आमच्या घरात चालत नाही. चुकून लागला तर अन्नाला हात लावून नमस्कार करावा लागतो, पंगत थांबली तरी चालते. शेवटी आईनं गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि कुणाचाच पाय जात नाही अशी एकमेव जागा शोधून काढली: माझ्या सीटच्या खाली. धुतलेल्या फडक्यात घट्ट बांधलेली भाकऱ्यांची चवड तिथं आडवी सरकवली. ती सरकलीही अगदी सहज, कारण नव्या मॅटवरचा प्लास्टिकचा कागद मी अजून काढला नव्हता. मॅट खराब होते ना!

वळसंगपर्यंत प्रवास सुखाचा झाला. रस्त्यात गतिरोधक आला की मी ब्रेक दाबायचो, गाडी थांबायची आणि आई म्हणायची, "हळू की, भाकऱ्या हायत." मी भाकऱ्यांच्या काळजीनं आणखी जपून, पण आणखी वेळा ब्रेक दाबू लागलो. प्रत्येक ब्रेकला ती चवड प्लास्टिकवरून बोटभर पुढं येत होती, हे आता कळतं. तेव्हा मी समोर बघत होतो. गाडी चालवताना समोर बघावं असंच शिकवलंय.

वळसंगच्या पुढं एका वस्तीजवळ म्हैस आडवी आली. मी ब्रेक दाबला, तर तो दबेना! पायाखाली काहीतरी टणक लागलं. मी जोर लावला तसा खालून आवाज आला: कर्रर्र. ब्रेक थोडा खाली गेला, गाडी थोडी हळू झाली, म्हैस बाजूला सरली, आणि आम्ही रस्त्याकडेच्या कडब्याच्या ढिगात तोंड खुपसून उभे राहिलो. म्हैस शांतपणे आली आणि आमच्या बोनेटवरचा कडबा खाऊ लागली.

"पावणं," ढिगाचा मालक म्हणाला, "वैरण खायची तर म्हशीला इचारायचं तरी."

आईनं मागून पहिला प्रश्न विचारला तो भाकऱ्यांचा. मी म्हणालो, त्या सुरक्षित आहेत, बिघाड फक्त ब्रेकमध्ये आहे. ब्रेक गेला तरी चालेल, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

पण डोहाळजेवण दुपारचं, पल्लवी वाट बघणार. त्यामुळं पुढचा प्रवास आम्ही हँडब्रेकवर केला. मी पायानं ब्रेक दाबायचो, खालून कर्रर्र व्हायचं, मग मी "ओढ" म्हणायचो आणि मेघा चटणीचा डबा काखेत धरून दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढायची. पुढं पुढं ती माझ्या सांगण्याची वाट बघेनाशी झाली. तिला वाटेल तिथं ती गाडी थांबवू लागली. एकदा तर पेरू घ्यायला. संसारात इतकी वर्षं जे अधिकार मागून मिळाले नव्हते ते तिला एका दांडीत मिळाले होते, आणि ती ते मनापासून वापरत होती.

अक्कलकोटच्या अलीकडं एक गॅरेज दिसलं. मेस्त्रींनी स्वतः बसून ब्रेक दाबला. कर्रर्र. त्यांनी डोळे मिटून पुन्हा दाबला आणि चाकातलं ब्रेकचं लायनर फुटून आत त्याचा चुरा झालाय, असं निदान केलं. चुरा झालाय एवढं खरंच होतं. तेवढ्यात तिथं थांबलेले बाकीचे गाडीवाले जमा झाले. आपला ब्रेक बिघडला की माणसाला किती सोबती मिळतात! एकाचा ब्रेक दाबला की शिट्टी वाजवायचा. दुसऱ्याची गाडी ब्रेक मारला की डावीकडं, थेट त्याच्या सासुरवाडीच्या दिशेला ओढायची. तिसऱ्यानं सांगितलं की त्याच्या ब्रेकला काहीच होत नाही, आणि हीच त्याची तक्रार होती. पण आमच्यासारखा आवाज कुणाचाच नव्हता. प्रत्येकानं आळीपाळीनं बसून तो दाबून बघितला, आणि मीही मोठ्या मनानं दाबू दिला. थोड्या वेळानं ब्रेक चांगला खाली जायला लागला, तेव्हा मेस्त्री म्हणाले की नुसत्या हाताच्या गुणानं सुधारतोय.

तरी चाक खोलून बघू म्हणून त्यांनी जॅक लावला. गाडी तिरकी होताच आई ओरडली, "थांब की! आधी माज्या भाकऱ्या काढा. कलंडतील त्या."

मी वाकून सीटखाली हात घातला. तिथं काही नव्हतं. आणखी पुढं घातला. फडकं सापडलं ते ब्रेकच्या बरोबर खाली, आणि ते उशीसारखं मऊ झालं होतं.

 मेस्त्रींनी जॅक खाली घेतला. आईनं फडकं माझ्याकडून काढून घेतलं, मांडीवर ठेवलं आणि त्यावरून हात फिरवला. तिचे डोळे भरून आले होते. मला खरोखर लाज वाटली.

"वळसंगपास्नं पाय देत आलास त्यावर," ती म्हणाली.

पाय फडक्याला लागला, अन्नाला नाही, आणि फडक्यालाही ब्रेकचा लागला, माझा नाही, असा मुद्दा मी मांडून बघितला. तिनं मला त्या सगळ्या गाडीवाल्यांसमोर फडक्याला नमस्कार करायला लावला. ज्यांनी ज्यांनी ब्रेक दाबून बघितला होता, त्यांनीही मग मुकाट्यानं रांगेत नमस्कार केला.

दुधनीला पोचलो तर पाट मांडलेला, पल्लवी हिरव्या साडीत बसलेली. तिच्या सासूबाई कानडीत "बर्री, बर्री", म्हणजे या, या, म्हणत पुढं आल्या आणि दुसऱ्याच वाक्याला त्यांनी भाकरी कुठंय म्हणून विचारलं, "रोट्टी एल्ली?" आईनं मान खाली घालून फडकं सोडलं. आत एकसारखा, रव्याहून जरा जाड भुगा. सासूबाईंचं तोंड उघडायच्या आत पल्लवीनं मूठभर उचलून ताटातल्या गरम आमटीत टाकला आणि चव घेतली.

"आई," ती म्हणाली, "मला चुरायचा कंटाळा येतोय हे तुला न सांगता कळलं."

मग सासूबाईंनीही वाटीभर घेतला. मग सगळ्यांनीच. मीही घेतला, कारण भूक लागली होती. इतका एकसारखा चुरा आमच्याकडं कुणाला जमत नाही, असं सासूबाई चक्क मराठीत म्हणाल्या, आणि कुणी केला म्हणून विचारलं. आईनं क्षणभर माझ्याकडं बघितलं.

"आमच्या मन्मथनं," ती म्हणाली.

बोलल्याप्रमाणं स्टेअरिंग आता मेघाकडं आहे. पण प्रत्येक सणाला दुधनीहून फोन येतो की भाकरी पाठवा, आणि चुरलेली पाठवा, पण मन्मथरावांच्या हातचीच हवी. आई फोनवर "व्हय, व्हय" म्हणते आणि मी आपला मुकाट्यानं पाय धुवायला जातो.