पहिला नारळ कोणत्या इंजिनाला?

भगिनींनो,

आज आयुधपूजेसाठी झेंडूच्या माळा, नारळ आणि लिंबं आली; सगळं मिळून दीड रुपया पडला. यांचे दोन मित्रही आपापल्या मोटारी घेऊन आले, ते फुकट.

अंगणात तिन्ही मोटारींची बॉनेटं उघडी, आणि वाद एकच: आजवरचं सर्वांत उत्तम इंजिन कोणतं? रंगण्णांचा कौल आठ सिलिंडरच्या अमेरिकन इंजिनाला. "सुरू केलं की वीणा लावल्यासारखं वाटतं!"

"वीणा पेट्रोल पीत नाही, अण्णा," शामराव म्हणाले. "विलायती सहा सिलिंडर पुष्कळ झाले."

हे मात्र आमच्या जुन्या चार सिलिंडरच्या मोटारीकडे बघतही नव्हते. सोमवारी होसकोट्याचं गिऱ्हाईक ती न्यायला येणार आहे.

"अक्का, पहिला नारळ कोणाला? तुम्हीच सांगा," रंगण्णा म्हणाले.

मी सरळ आमच्याच इंजिनाला कुंकू लावलं आणि यांना म्हटलं, "तुमची बहीण बाळंतपणात अडली, तेव्हा आनेकलहून भर पावसात यानंच तिला दवाखान्यात पोचवलं. वाटेत एकदाही बंद पडलं नाही. माझं आवडतं इंजिन हेच." नारळ फोडला. "आणि पूजा केलेलं वाहन वर्षभर विकायचं नसतं."

"हा रिवाज कधीपासून?" यांनी विचारलं.

"आजपासून."

मित्र खो खो हसले. हे हसले नाहीत, पण गिऱ्हाइकाला नकार कळवतो असंही म्हणाले नाहीत.

तेव्हा तुमच्या घरचं लाडकं इंजिन कोणतं ते लिहा. आणि हा रिवाज तुम्हीही पाळणार असाल, तर उलट टपाली तसं कळवा. पत्र सोमवारच्या आत यांच्या हाती पडू दे.