पहाऱ्यावर कोण आहे?

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचा जन्म वर-खाली करण्यात जातो. निवृत्त झाल्यावर एकदा तरी सरळ जावं असं त्याला वाटलं तर त्यात वावगं काही नाही. वावगं एवढंच, की या गृहस्थांना सरळ जायला अख्खा महासागर लागला.

त्यांची बायको पडदे शिवायची. मुलगी शाळेत होती तेव्हा यांनी एक जुनी शिडाची बोट विकत घेतली, आणि ती बोट पाण्यात उतरवण्याजोगी झाली तेव्हा मुलीलाच दोन मुलं झालेली होती. बायकोचा थोरला भाऊ त्यांना 'कप्तान' म्हणायचा, आणि ते अशा सुरात, की ऐकणाऱ्याला हसू यावं आणि कप्तानांना मात्र मान मिळाल्यासारखं वाटावं.

"कप्तान, समुद्रापलीकडे विमान जातं," मेहुणा म्हणाला.

"विमानात खिडकी उघडत नाही," कप्तान म्हणाले, आणि विषय संपला.

बाईंनी सोबत यायला होकार दिला तो वेगळ्याच हिशेबाने. संसाराची सगळी वर्षं हा माणूस भरल्या ताटावरून उठून गेला होता. कुठे ना कुठे कुणीतरी लिफ्टमध्ये अडकलेलं असायचं. समुद्रात कोण अडकणार? दोघंच असू, निवांत बोलत बसू, असं त्यांना वाटलं.

पण छोट्या बोटीवर दोन माणसं असली की एकाने वर पहारा द्यायचा आणि दुसऱ्याने खाली झोपायचं. सुकाणू वाऱ्यावर चालणारं एक यंत्र धरतं, पण यंत्राला डोळे नसतात, त्यामुळे समोरून जहाज येतंय का ते माणसानेच बघायचं. खाली झोपायला दोन फळ्या होत्या. एकीवर जादा शिडं, कांदे आणि बटाटे झोपायचे. दुसरीवरून एक उठला की त्याच गरम जागेवर दुसऱ्याने आडवं व्हायचं. नवऱ्याची ऊब बाईंना रोज मिळायची. नवरा तेवढा मिळायचा नाही.

भेट व्हायची ती पहारा बदलताना. त्यालाही कप्तानांचा नियम होता. उतरणाऱ्याने काय दिसलं ते सांगायचं आणि चढणाऱ्याने ते पुन्हा म्हणून दाखवायचं.

"डावीकडे ढग. जहाज नाही. वारा मागून."

"डावीकडे ढग. जहाज नाही. वारा मागून. चहा झाकून ठेवलाय."

"चहा नियमात नाही."

"मग पिऊ नका."

आणि एका दुपारी झोपेत कूस बदलताना बाईंचा हात एका पाठीवर पडला. ओळखीची रुंद पाठ, साबणाचा आणि डिझेलचा वास. घर सोडल्यापासून पहिल्यांदाच दोघं शेजारी होते. त्यांनी डोळे न उघडताच हात तसाच ठेवला. किती बरं वाटलं त्यांना! फळी अरुंद होती, म्हणून त्या आणखी सरकून बिलगल्या आणि मनाशी म्हणाल्या, एवढ्यासाठी तर आलो आपण.

मग डोळे खाडकन उघडले. वर कोण आहे?

वर कुणी नव्हतं. यंत्र इमानेइतबारे सुकाणू धरून बसलं होतं, शीड फुगलेलं होतं, बोट झकास चालली होती. आणि मागे एक मालवाहू जहाज त्यांची वाट ओलांडून जात होतं, त्यावरच्या कंटेनरांचे रंग ओळखता यावेत इतक्या जवळून.

बाई खाली आल्या. "अहो, पहारा तुमचा होता ना?"

कप्तान उठून बसले. "तुला दिला की! आत्ताच. तू म्हणालीस, जा, झोपा."

ते खोटं बोलत असते तर बरं झालं असतं. खोटं बोलताना त्यांचे कान लाल व्हायचे, हे बाईंना लग्नाच्या पहिल्या आठवड्यात कळलं होतं. आता कान नेहमीच्याच रंगाचे होते.

मग मागचं एकेक आठवायला लागलं. गेल्या वर्षी ते गाडी बाजारात ठेवून बसने घरी आले होते, त्यावर केवढे हसलो आपण. परवा भात झाल्यावर त्यांनी पुन्हा भात लावला, तेव्हा बाईंना वाटलं, भूक लागली असेल. आणि परत फिरावं म्हटलं तर वारा मागून होता. उलट जायचं म्हणजे सगळा समुद्र तोंडावर घेत जायचं. राहिलेली वाट पुढचीच होती, आणि ती माहीत असलेला माणूस एकच होता.

कप्तानांच्या पहाऱ्याच्या वेळी बाई वर जाणाऱ्या शिडीखाली बटाटे सोलत बसू लागल्या. आणि प्रश्न विचारू लागल्या.

"हे शीड लहान कसं करायचं हो?"

कप्तान हरखले. एका वाक्यात सांगता येईल ते पाऊण तासात सांगणं ही त्यांची देणगी. शिवणयंत्र चालू असताना रेडिओ ऐकावा तशी बाईंनी ती आजवर ऐकली होती. आता त्या एकेक शब्द वेचून ठेवत होत्या. हातात शिवण मुरलेली असल्याने गाठी त्यांना चटकन आल्या. वारा ओळखता यायला मात्र वेळ लागला.

एकदा सांगता सांगता कप्तान थांबले. "मग हा दोर असा घ्यायचा, आणि हा... हा..." बसमध्ये शेजारी बसलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसं ते दोराकडे बघत राहिले.

"इथे बांधायचा ना?" बाईंनी बांधून टाकला.

"बरोबर. तेच तर सांगत होतो."

माणूस दोघांचा पहारा एकटा किती दिवस देणार? बाईंना स्वतःच्या पहाऱ्यात बसल्या बसल्या डोळा लागला. वारा फिरला, शिडाखालचा जाड दांडा धाडकन इकडून तिकडे गेला, आवरून धरणारा दोर तुटला आणि शीड शिवणीवर टराटरा उसवलं. कप्तान बनियनवर वर आले. त्यांनी सुकाणू वळवलं, दांडा ओढून बांधला, शीड उतरवलं. कुठे चूक नाही की अडखळणं नाही. हात अजून नोकरीत होते, निवृत्त डोकंच होत चाललं होतं.

मग दोघं शीड मांडीवर घेऊन शिवायला बसले.

"झोपलीस कशी?"

"लागला डोळा."

"लागणारच. रोज माझ्या पहाऱ्यात खाली बसून बटाटे सोलतेस." कप्तानांनी दोरा तोडून दिला. "बटाटे संपून आठवडा झाला."

बाईंची सुई थांबली.

"निघायच्या आधी डॉक्टरकडे गेलो होतो," कप्तान म्हणाले. "एकटाच. म्हणाले, हळूहळू जाणार. जाईल तेवढं जाईल."

"आणि तरी मला इथे आणलंत?"

"मला वाटलं, इथे विसरायला आहे काय? एक बोट, एक बायको."

"बुडालो असतो आपण."

"हो."

"मुलीला कधी काही कळलंसुद्धा नसतं."

"हो."

"मला सांगितलं का नाही?"

कप्तानांनी बराच विचार केला. "सांगायचं विसरलो."

बाईंना हसू फुटलं, आणि तेच हसू अर्ध्या वाटेत रडं झालं. कप्तानही हसत होते, खाली बघत. त्या रागात बाईंनी टाके इतके घट्ट घातले, की ते शीड पुढे कुठेही फाटलं असतं, पण तिथे नाही.

"आजपासून एकट्याने वर बसायचं नाही," त्या म्हणाल्या. "बोट मी चालवणार."

"आणि मी?"

"तुम्ही सांगायचं. आठवेल तेवढं."

"माझी बोट आहे," कप्तान म्हणाले. एकदाच म्हणाले. मग सुकाणूजवळची जागा सोडून समोरच्या बाकावर जाऊन बसले. आयुष्यभर पहिलं बटण यांनीच दाबायचं, असा हा माणूस. बाईंना त्यांच्याकडे बघवेना.

त्यानंतर दोघं वरच राहू लागले. गजर लावून बाई तुकड्या-तुकड्याने झोपायच्या, कप्तानांच्या पट्ट्याला बांधलेली दोरी आपल्या मनगटाला गुंडाळून. ते हलले की जाग यायची. तक्रार मात्र कप्तानच करायचे, की लिफ्टचा दोरसुद्धा इतका घट्ट नसतो.

आणि एका दुपारी क्षितिजावर ढगापेक्षा गडद अशी रेघ दिसली, ती हलेना. कप्तान डोलकाठीला धरून उभे राहिले आणि ओरडले, "जमीन! अगं, जमीन!"

बाईंना आनंद होईल असं वाटलं होतं. गरम पाण्याची अंघोळ, न हलणारी खाट, मुलीला फोन, सगळं योजून ठेवलेलं होतं. त्यांनी दुर्बीण लावली. आधी टेकडी दिसली, मग घरं, मग घरांमधून वर जाणारा रस्ता. रस्त्याला फाटा होता. फाट्याला पुढे आणखी फाटे. एक बस वळणाआड गेली ती दिसेनाशीच झाली.

बोटीवर हा माणूस कुठे जाणार होता? पुढे गेला तर पाणी, मागे आला तर बायको. तिथे पाव आणायला निघेल आणि कुठल्याही फाट्याला वळेल.

त्यांनी दुर्बीण ठेवली, उठल्या आणि शीड लहान करायला घेतलं.

"वारा तर छान आहे!" कप्तान म्हणाले. "वेग कमी कशाला करतेस?"

"पोचेपर्यंत अंधार पडेल. अनोळखी बंदरात अंधारात शिरायचं नसतं."

"कोण म्हणतं?"

"तुम्ही."

कप्तानांनी विचार केला. "बरोबर म्हणतो."

मग त्यांनी सूर्याकडे पाहिलं. तो चांगला वर होता. जमिनीकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, ओठ हलवत काहीतरी मोजलं. त्या वाऱ्यावर उजेडीच पोचता आलं असतं, हे बाईंना माहीत होतं. कप्तानांच्या मोजण्यातून काय निघालं ते त्यांनी सांगितलं नाही. ते सावकाश पुढे गेले आणि कुणी न सांगता पुढचं शीड उतरवू लागले.