नावं न लिहिणाऱ्या बाई

कुठलाही फॉर्म समोर आला की बाई तो पालथा घालायच्या आणि त्यावर आपली पर्स ठेवायच्या. "आधी माणसांना बोलू द्या, कागद कुठे पळून जात नाही." जन्मभर शाळेत शिकवल्यामुळे समोर कितीही मोठा साहेब असला तरी त्यांना तो शेवटच्या बाकावरचाच वाटायचा. मीही त्यातलाच.

कणकवलीत आमच्या संस्थेचं छोटं ऑफिस आहे. तरुण पोरं द्वेषाच्या, रक्तपाताच्या नादी लागू नयेत म्हणून गावातल्या लोकांनी काही करायचं ठरवलं, तर आम्ही त्याला पैसे देतो. लोक शिबिरं मागतात, व्याख्यानं मागतात, बॅनर तर मागतातच. मालवणजवळच्या किनाऱ्यावरून आलेल्या या निवृत्त ख्रिस्ती बाईंनी मागितला रापणीचा दोर!

"मासेमारीचं ऑफिस वेगळं आहे, बाई," मी हसत म्हणालो.

"ठाऊक आहे. मी मासे मागायला नाही आले."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या वाडीतला वाटेवरचा क्रूस कुणीतरी फोडला होता. पुढच्या आठवड्यात पलीकडच्या वाडीतली एक होडी जळाली. दोन्ही वाड्यांचं बोलणं बंद. बाहेरची माणसं रोज मोबाइलवरून आगीत तेल ओतत होती, आणि दोन्हीकडची पोरं 'आता माणूसच आडवा करायचा' असं उघड म्हणू लागली होती. पूर्वी दोन्ही वाड्या मिळून रापण ओढायच्या. समुद्रात वेढा घालणारं लांबलचक जाळं, त्याच्या एका दोरावर एक वाडी, दुसऱ्यावर दुसरी. दोन्हीकडून सारखं ओढलं नाही तर मासळी निसटते. भांडणापासून रापण पडून होती आणि दोर कुजला होता.

"शिबिरात पोरं शेजारी बसतील आणि मनात शिव्या देतील. रापणीत शिव्या द्यायला दम उरत नाही."

मला पटलं. पण फॉर्ममध्ये एक रकाना होता: वाट चुकलेल्या तरुणांची नावे. तो वाचला आणि बाईंचं शाळेतलं मराठी गळून पडलं. "नाव लिवलंय काय तो पोरगो त्याच दिवशी गुन्हेगार झालो! तुमचो दोर नको माका." कागद टेबलावर टाकून त्यांनी एस.टी. गाठली.

दोन दिवस मी धुसफुसत होतो. तिसऱ्या दिवशी त्या रकान्यात मीच लिहिलं, 'दोराला हात लावणारे सगळे.' वरिष्ठांची बोलणी खाल्ली, पण दोर मंजूर झाला.

रापण पाण्यात पडली त्या सकाळी मी पाहायला गेलो. बाईंच्या वाडीची माणसं एका दोरावर होती. दुसऱ्या दोरावर, पलीकडच्या वाडीच्या जागी, बाई एकट्या. सत्तरी ओलांडलेली, साडी खोचलेली, गुडघाभर पाण्यात. पलीकडची पोरं सुरूच्या झाडांखाली बसून बघत होती. दोर बाईंना समुद्राकडे ओढत होता आणि त्या सोडत नव्हत्या.

शेवटी एक पोरगा उठला. "बाईनू, सोडा, पडशाल!"

"मगे वड रे तू!"

तो आला. त्याच्यामागून बाकीचे आले.

मी शहाण्यासारखा बाईंच्या कानाशी लागलो. "क्रूस फोडणारा यांच्यात आहे का?"

त्यांनी माझ्या हातात दोर दिला. "वडा साहेब, वडा." माझ्या दोन्ही हातांना फोड आले आणि वाट्याला चार बांगडे. ऑफिसच्या कामात इतकी कमाई मला कधी झाली नव्हती.

त्यानंतर गावात ना क्रूस फुटला, ना होडी जळाली.

गेल्या वर्षी बाई गेल्या. त्यांना मूठमाती द्यायला दोन्ही वाड्या आल्या होत्या. सुरूखालून पहिला उठलेला तोच पोरगा, आता मिशीवाला बाप्या, मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेबानू, खुरीस मियाच फोडललंय. बाईक पयल्या दिवसापासून म्हायत होता."

"त्या कधी काही बोलल्या नाहीत?"

"दुसऱ्या दिवशी वाटेत भेटली. माझ्या हाताक फडको बांधललो. इतक्याच इचारल्यान, 'लागला काय रे तुका?' आणि घराकडे नेऊन औषध लावल्यान."

तळहातावरचा वण त्याने मला दाखवला. मग मूठ मिटली आणि तो कबरीकडे परत गेला. माती लोटायची अजून बाकी होती.