दिवे बदलले, त्रिकोण जाईना

मिसरोद ओलांडून मंडीदीपकडे जाताना रस्त्याचा एक पट्टा असा लागतो, जिथले खांबांवरचे दिवे पेटलेले मी फारसे पाहिलेले नाहीत. मंडीदीपच्या एका औषध कारखान्यात मी गुणवत्ता तपासणीचं काम करते. हिवाळ्यात तिथून बाहेर पडेपर्यंत अंधारून आलेलं असतं. अशाच एका संध्याकाळी त्या पट्ट्यात माझ्या मोटरसायकलच्या पुढ्यात म्हैस उभी ठाकली. काळ्या रस्त्यावर काळी म्हैस. दिसली तेव्हा ती अगदी जवळ आली होती. मी दोन्ही ब्रेक दाबले, गाडी तिरकी झाली आणि थांबली. म्हशीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश बाजूला झाली. पडले नाही, पण इंद्रपुरीला घरी पोहोचेपर्यंत माझं ठरलं होतं. गाडीवरचा तो पिवळा, मिणमिणता दिवा काढायचा आणि एलईडी बसवायचा.

गाडी माझी स्वतःची. सेकंडहँड घेतलेली, जड, लांबच्या प्रवासासाठी बनवलेली. तिच्या डॅशबोर्डमागे छोटा संगणक आहे, आणि कुठलाही दिवा गेला की तो पिवळा त्रिकोण पेटवून सांगतो. नवरा इथल्या मोठ्या कारखान्यात इंजिनिअर, पण वर्षातले कितीतरी महिने दूरच्या वीजकेंद्रांच्या साइटवर असतो. त्यामुळे घरात आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई. मी त्यांना आई म्हणते. त्या मूळच्या ग्वाल्हेरच्या. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या.

म्हशीचं ऐकल्यावर त्यांनी आधी मला बसवून चहा दिला. मग मी एलईडीचं काढलं, तर म्हणाल्या, "बत्ती बदल, पण ती पांढरी नको."

"आई, एलईडी पांढराच असतो."

"मग नकोच."

त्यामागचं कारण मला माहीत होतं. सासरे स्कूटरने कारखान्यात जात. एकदा हबीबगंजजवळ तिन्हीसांजेला समोरून आलेल्या गाडीच्या झोताने त्यांचे डोळे दिपले, दुभाजक दिसला नाही, आणि मांडीचं हाड मोडलं. पुढे ते कायम लंगडतच चालले. पुष्कळ वर्षांनी वेगळ्याच आजाराने गेले, पण आई अजून त्या झोताबद्दल बोलतात. "त्या गाडीवाल्याला तर कळलंही नसेल, बेटा," असं त्या म्हणतात.

मी म्हटलं, "मग तुम्हीच तपासा. मी दिवा लावते, तुम्ही समोर बसा. तुमच्या डोळ्यांत गेला तर त्याच क्षणी काढून टाकेन."

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "खरंच काढशील?"

"खरंच."

रविवारी ऊन उतरल्यावर मी गाडी गेटच्या आत उभी केली. जुना बल्ब काढण्याआधी समोरच्या भिंतीवर त्याच्या उजेडाची वरची कड खडूने आखून घेतली. झोत कुठवर जायला हवा, हे ती रेघ सांगणार होती. नवा बल्ब जरा लांबोडका, मागे बारीकसा पंखा असलेला. हेडलाइटच्या मागचं रबरी झाकण त्याच्यावर बसेना, म्हणून ते मधोमध बेताने कापावं लागलं. बल्बसोबत एक छोटी डबी आली होती. बल्बला वीज नीट मिळते आहे, अशी ती संगणकाची खात्री पटवते. किल्ली फिरवली. दिवा लागला, त्रिकोण गप्प.

आई गल्लीच्या दुसऱ्या टोकाला प्लास्टिकची खुर्ची टाकून बसल्या होत्या. शेजारच्या काकू विचारून गेल्या, तर यांचं उत्तर तयार होतं, "मी समोरचा ट्रकवाला आहे." गाडी गेटबाहेर आणून मी तोंड त्यांच्याकडे केलं आणि दिवा लावला. त्यांनी लगेच पदर डोळ्यांवर घेतला.

"बंद कर, बंद कर! हे तर वेल्डिंग झालं!"

गाडी पुन्हा आत घेऊन भिंतीसमोर उभी केली, तर तिथेही तेच दिसत होतं. उजेड खडूच्या रेघेवर चढून आंब्याच्या फांद्यांत विखुरला होता. बल्ब वाईट नव्हता, तो तिरका बसला होता. एलईडीचे उजेड देणारे तुकडे डावी-उजवीकडे आडवे यावे लागतात, तर परावर्तकातून झोत सरळ निघतो. माझ्या हातून ते वर-खाली बसले होते. मी बल्ब थोडा फिरवला, पुन्हा लावला, पुन्हा फिरवला. शेवटी उजेडाची कड खडूच्या रेघेवर बसली. मग हेडलाइटचा स्क्रू फिरवून झोत आणखी किंचित खाली केला आणि गाडी पुन्हा बाहेर आणून आईंकडे वळवली.

"आता?"

आई उभ्या राहिल्या, दोन पावलं पुढे आल्या, पुन्हा मागे गेल्या, एकदा खाली वाकल्या. "आता तुझं पुढचं चाक दिसतंय," त्या म्हणाल्या. "मघाशी काहीच दिसत नव्हतं. चालेल ही."

तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण काम जमलं की मला पुढचं खुणावतं. त्याच आठवड्यात मी चारही इंडिकेटर आणि मागचा टेललाइट एलईडी केले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली, तर पिवळा त्रिकोण, शेजारी बल्बचं चित्र, आणि उजवा इंडिकेटर नुसता फडफडत होता.

आई तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांनी मान वर केली. "डावा लाव बघू." मी लावला. त्यांनी मांडीवर बोटाने मात्रा धरली. "दोन्ही पळताहेत. आधी ठाय, संथ चालायचा, आता दुगुन, दुप्पट झालीय. आणि उजवा त्याहून चढा."

फरक मलाही दिसत होता, पण उजवा डाव्याहूनही वेगात आहे हे त्यांच्या मात्रेने आधी पकडलं. त्या एका वाक्यावरून मी उजवीकडची जोडणी आधी उघडली. एक बल्ब नीट बसलाच नव्हता. तो बसवला, तरी दोन्ही बाजू पळतच होत्या आणि त्रिकोणही जाईना, म्हणून सर्व्हिस सेंटरला गेले.

सर्व्हिस सेंटरवरचा माणूस सभ्य होता, पण त्याला त्यात पडायचं नव्हतं. "मॅडम, पुराने बल्ब वापस लगवा लीजिए, वार्निंग चली जाएगी," एवढंच तो म्हणाला. वार्निंग गेली असती, हे खरंच. पण मला तर तिचं कारण हवं होतं. कारखान्यात मी दिवसभर हेच करते. आकडा चुकीचा आला तर यंत्राला दोष देण्याआधी तो का आला ते शोधायचं.

कारण साधं होतं. संगणक प्रत्येक दिव्यात किती वीज जाते ते मोजतो. एलईडी इतकी कमी वीज घेतो की संगणकाला वाटतं, बल्ब उडाला. इंडिकेटर भराभर फडफडतात ते त्याचमुळे. उपाय म्हणजे प्रत्येक एलईडीला समांतर एक रेझिस्टर जोडायचा, म्हणजे एकूण वीज जुन्या बल्बइतकी जाते आणि संगणक शांत होतो. मात्र रेझिस्टर चांगलाच तापतो. मी तो आधी वायरीला टेपने बांधून तपासला, तर बोट भाजलं. मग चारही रेझिस्टर प्लास्टिकपासून लांब, चौकटीच्या लोखंडावर स्क्रूने आवळले.

त्या संध्याकाळी गाडीच्या शेडमध्ये दिवा न लावताच मी इंडिकेटर तपासत होते. ते आता ठाय चालत होते. रेझिस्टर जोडण्याआधी इंडिकेटर बंद असतानाही ते मधूनमधून क्षीण लुकलुकत, कारण संगणक अधूनमधून वीज सोडून बल्ब शाबूत आहे का ते पाहतो. तेही थांबलं होतं. आईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "झालं ना मग?"

झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना हबीबगंजच्या पुढे एका स्पीडब्रेकरवर त्रिकोण पेटला, आणि पुढच्या सिग्नलला विझला. येताना पुन्हा तेच. सपाट रस्त्यावर शांत, दणका बसला की पिवळा.

मला टेललाइटचा संशय होता. रेझिस्टर फक्त इंडिकेटरना जोडले होते. टेललाइटमध्येच त्याची सोय असल्याचं डब्यावर लिहिलं होतं, आणि माझा डब्यावरच्या मजकुरावर फारसा विश्वास नाही. म्हणून तो एलईडी काढून मी जुना मूळचा बल्ब बसवला आणि कॉलनीतल्या स्पीडब्रेकरवरून मुद्दाम दोन फेऱ्या मारल्या. त्रिकोण पेटला.

मी गाडी रस्त्याच्या कडेला लावून हेल्मेट काढलं आणि तिथेच मोठ्याने हसले. मूळचा बल्ब असतानाही संगणक तक्रार करतोय, म्हणजे दोष एलईडीचा नाहीच. तो वायरीत आहे, आणि दणक्याने हलतोय.

घरी येऊन मागची सीट काढली. आईंना गाडीवर बसवून ब्रेकचा लिव्हर हातात दिला. "हा दाबून धरा आणि त्रिकोणाकडे बघत राहा. आला की सांगा."

मी मागच्या बाजूने वायरींचा जुडगा थोडा थोडा हलवत पुढे सरकत होते.

"नाही... नाही... नाही..." आईंचा आवाज एका सुरात चालला होता. मग एकदम, "आला!" मी हात काढला. "गेला." पुन्हा हलवलं. "आला! अगं, तिथेच काहीतरी आहे, तिथेच!"

मागच्या सीटखाली, चौकटीला आवळलेली एक काळी वायर होती. मागच्या सगळ्या दिव्यांची वीज तिच्यातूनच चौकटीकडे परत जाते. तिची कडी सैल झाली होती आणि तिच्याभोवती हिरवट गंज चढला होता. हा दोष माझ्या एलईडीच्या आधीपासूनचा असणार. मी पान्याने कडी सोडवली, सँडपेपरने ती आणि खालचं लोखंड घासून चकचकीत केलं, आणि पुन्हा घट्ट आवळली. टेललाइटचा एलईडी परत लावला. मग कॉलनीतल्या त्याच स्पीडब्रेकरवरून गेले, मुद्दाम जरा जोरात. काही नाही. पुन्हा गेले. काही नाही.

संगणकावर मी आठवडाभर चिडले होते. इंडिकेटरच्या बाबतीत त्याची समजूत चुकली होती, पण मागच्या दिव्यांबद्दल तो अगदी खरं सांगत होता. दोन्ही वेळा त्रिकोण तोच होता. ती वायर एखाद्या संध्याकाळी पुरती तुटली असती, तर त्या अंधाऱ्या पट्ट्यात माझ्या मागून येणाऱ्याला मी दिसलेच नसते. ते सांगितल्यावर आईंनी डॅशबोर्डच्या काचेवर हळूच हात फिरवला.

पुढच्या रविवारी त्या स्वतःच म्हणाल्या, "भोजपूरला जाऊ या. तुझ्या गाडीवरून." आमच्या लग्नापासून त्या माझ्या मागे बसल्या नव्हत्या. सलवार-कमीज घालून, माझं जुनं हेल्मेट आवळून त्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसल्या, आणि मिसरोदपर्यंत माझ्या खांद्यात बोटं रुतवून होत्या. नंतर सैल झाल्या. तिथल्या शिवाच्या देवळासमोरच्या खडकांवर बसून आम्ही भाजलेले भुट्टे खाल्ले आणि मुद्दामच थोडं रेंगाळलो, परत निघताना दिवा लावावा लागेल इतकं.

परतीच्या रस्त्यावर समोरून गाड्या येत होत्या. एकानेही अप्पर मारून चिडल्याचं दाखवलं नाही. त्या अंधाऱ्या पट्ट्यात रस्त्याची कड, खड्डे, कडेला बांधलेली शेळी, सगळं लांबूनच दिसत होतं. आई मागून ओरडल्या, "त्यांच्या स्कूटरला अशी बत्ती असती तर!" क्षणभराने पुन्हा, "नाही गं. समोरच्याची नीट असायला हवी होती."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, तो तसाच राहिला.

तेव्हापासून आमच्या गल्लीत एक नवी पद्धत पडली आहे. तिन्हीसांजेला कोणाचा पांढरा झोत भिंतींवर, गच्च्यांवर उधळत आला, की आई गेटबाहेर येऊन हात आडवा करतात. "थांब रे. तुझी बत्ती आकाश बघतेय. सूनबाई, पेचकस आण!" आणि मी आणते. हेडलाइटच्या खालचा स्क्रू थोडा फिरवायचा असतो, बहुतेकांना तो आहे हेच माहीत नसतं. आई समोर जाऊन उभ्या राहतात, डोळे बारीक करतात आणि मान हलवली की गाडीवाला सुटतो.