काढून टाकलेली ओळ

कारखान्यात त्याला सगळे ‘चिमटा’ म्हणत. यंत्र बिघडलं की सर्किटला तारांचे चिमटे लावून हा तासन्‌तास आत काय चाललंय ते बघत बसे. मोठ्या प्रेसचा प्रोग्राम त्यानंच लिहिलेला. आज त्याच प्रेसनं ती चालवणाऱ्या, साच्यात वाकलेल्या त्याच्या दाजींचं, ताईच्या नवऱ्याचं, डोकं चिरडलं होतं. ताडपत्रीखालून रक्त अजून वाहत होतं, आणि मॅनेजरनं निकाल देऊनही टाकला होता: ऑपरेटरनं सेन्सर बंद करून डोकं घातलं. मेलेल्या माणसावर ढकलून मोकळं व्हायला असल्यांना वेळ लागत नाही.

मॅनेजर मेन स्विच पाडायला निघाला. चिमट्यानं त्याला असा ढकलला की तो कपाटावर जाऊन आपटला. प्रेसचा प्रोग्राम चालवणाऱ्या चिपमध्येच एक इवलीशी मेमरी होती. प्रोग्रामनं टाकलेली शेवटची पावलं ती गुपचूप टिपून ठेवायची, त्याच्या चालीत जराही अडथळा न आणता. वीज गेली की सगळं पुसलं जाणार.

तेवढ्यात दाजींचा जिवलग फिटर पहार घेऊन आला, प्रेसच फोडायला. पहिला घाव पॅनेलच्या दारावर बसला, दुसरा मध्ये आलेल्या चिमट्याच्या खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तिसरा डोक्यातच बसायचा, पण ताडपत्रीजवळून चिमट्याची ताई धावली आणि तिनं फिटरचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. तिच्या बाह्या नवऱ्याच्या रक्तानं माखल्या होत्या.

“आत काय झालं ते त्याला आधी बघू दे,” ती म्हणाली. “मग काय करायचं ते कर.”

चिमट्यानं डाव्या हातानं केबल जोडली. लॅपटॉपवर पावलं उमटली. सेन्सर चालू होता, त्यानं माणूस पाहिलाही होता; पण त्याचा निरोप पोचायच्या आधीच प्रेस खाली सोडायचा हुकूम सुटला होता. चाचणीत असं एकदाही झालं नव्हतं. का, ते त्याला आता आठवलं. तेव्हा प्रोग्रामवर नजर ठेवायला त्यानं स्क्रीनवर मजकूर छापणारी एक ओळ घातली होती. ती छापण्यात हुकमाला क्षणभर उशीर व्हायचा, आणि तेवढ्यात सेन्सरचा निरोप पोचायचा. चाचणी संपल्यावर कचरा समजून त्यानंच ती ओळ काढून टाकली होती.

स्क्रीन बंद कर, दोघंही सुटू, असं मॅनेजर कानाशी पुटपुटला. सुटायचं त्यालाही होतंच, तो काही साधुसंत नव्हता. पण मग मेल्यावरही चूक दाजींचीच ठरणार होती.

“दाजींची चूक नाही, ताई,” तो म्हणाला. “माझी आहे.”

 ताईनं पहार धरलेलं फिटरचं मनगट सोडलं.