दुपार वगळलेला युरोप

एकवीस दिवसांत पाच देश पाहायचे, तेही टूर कंपनीशिवाय, असं मी घरात जाहीर केलं. आमचे हे म्हणाले, "जा तू, माया. मी काही अडवत नाही." त्यांचे दोन्ही गुडघे नुकतेच नागपुरातच, धंतोलीतल्या दवाखान्यात बदलून झाले होते, त्यामुळे त्यांच्या येण्याचा प्रश्नच नव्हता. मी धरमपेठेतल्या एका शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. आल्प्स, हिमनदी, तिनं कोरलेली यू आकाराची दरी, हे सगळं फळ्यावर इतक्यांदा काढलंय की झोपेतही काढेन. पण खरी हिमनदी कधी पाहिली नव्हती. निवृत्त झाल्यावर तिच्यावर एकदा उभं राहायचंच, हे माझं ठरलेलं होतं.

सोबतीला सावनेरहून माझी मोठी बहीण आणि भाऊजी. भाऊजी चौतीस वर्षं सावनेरजवळच्या कोळसा खाणीत, जमिनीखाली, मायनिंग सरदार होते. म्हणजे पाळी सुरू व्हायच्या आधी छत पक्कं आहे का, वायू साचलाय का, हे तपासून मगच बाकीच्यांना पुढे सोडणारा माणूस. बोलणं मोजकं. निवृत्तीनंतर त्यांना एकच खोड लागली. भर मे महिन्यात दुपारी एक वाजता अंगणात खुर्ची टाकून उन्हात बसतात. ताई आतून ओरडते, "अजी, डोकं फिरलं का तुमचं? लू लागून मराचं आहे का?" ते नुसते हसतात आणि बसून राहतात.

जानेवारीत आमच्या जेवणाच्या टेबलावर नियोजनाची पहिली बैठक झाली. मी प्रत्येकाला एक कागद दिला, ज्याला जे पाहायचं ते लिहा म्हणून. ताईनं लिहिलं: टॉवर, बर्फ, पाण्यातलं गाव. भाऊजींनी एकच ओळ लिहिली. बेल्जियममध्ये लिएज शहराबाहेर एक जुनी, बंद पडलेली कोळसा खाण आहे, तिथे पर्यटकांना खाली नेतात. मला हसू आवरेना. "भाऊजी, कोळसा पाहायला सात समुद्र ओलांडायचे?"

ताई चहा टाकायला उठली तेव्हा ते हळूच म्हणाले, "मले नाही पाहाचं, माया. तुझ्या ताईले दाखवाचं आहे. चौतीस वर्षं डबा भरून देल्ला तिनं, पण तो डबा कुठी बसून खातो हे तिनं कधी पाह्यलं नाही. आपल्या खाणीत बाहेरच्या माणसाले उतरू देत नव्हते. अन् आता तं तिच्यात पाणी भरलं. दुसरं काही नको मले."

मी वहीत लिहून घेतलं आणि त्या खाणीला अर्धा दिवस दिला.

व्हिसाच्या फायलीत एकवीसही दिवसांचा कार्यक्रम जोडावा लागतो, हॉटेलांच्या आणि गाड्यांच्या आरक्षणासकट. मी शाळेचं वेळापत्रक करणारी बाई. तीन रंगांची पेनं घेऊन तक्ता केला, आणि तो असा देखणा झाला की मुंबईला व्हिसाच्या खिडकीतल्या पोरीनंही मान डोलावली. त्या तक्त्यात रोज सकाळी सात ते अकरा फिरणं, अकरा ते साडेचार जेवण आणि आराम, साडेचारनंतर पुन्हा फिरणं. कारण मे महिना. नागपूरचा माणूस मे महिन्यात अकरा ते चार घराबाहेर पाऊल टाकत नाही. हे आम्हाला कुणी शिकवत नाही, ते अंगातच असतं. त्यामुळे तिघांपैकी एकालाही त्या तक्त्यात काही वावगं दिसलं नाही. निघताना ताईनं तिघांच्या खिशात एकेक कांदा टाकला, लू लागू नये म्हणून.

पॅरिसला उतरलो तेव्हा बाहेर बारा अंश होते. कांदे खिशातच राहिले आणि तक्ताही तसाच राहिला, कारण पहिले चार दिवस त्याचं काही बिघडलंच नाही. सकाळी सातला आम्ही रस्त्यावर, तेव्हा बेकरीवाले सोडले तर शहर झोपलेलं. गरम क्रोसाँ हातात घेऊन नदीकाठानं चालत जायचं. दुपारी भाड्याच्या खोलीत ताईचा पिठलं-भात, सोबत ठेचा. (भाजणी, ठेचा आणि छोटा राइस कुकर न्याच. बाहेर साधं सूपसुद्धा खिशाला झोंबतं.) संध्याकाळी टॉवर. तो रात्री उशिरापर्यंत उघडा असतो, आणि सूर्य साडेनऊपर्यंत मावळतच नाही. खालून वर पाहताना ताईचा पदर पडला, तो तिनं उचलला नाही. "बाप्पा, एवढं लोखंड," म्हणाली, "अन् नुसतं पाहासाठी?" इतकं मोठं काहीतरी नुसतं उभं असावं आणि जगभरच्या माणसांनी त्याच्याखाली येऊन गप्प व्हावं, हे मी प्रथमच पाहत होते.

एक-दोन चर्चची दारं आम्ही गेलो तेव्हा बंद मिळाली. मी म्हटलं, सुटी असेल.

पाचव्या दिवशी सकाळच्या गाडीनं लिएजला आलो. तक्त्याप्रमाणे जेवलो, झोपलो. मग बस घेतली. ती तासाला एकच आहे, जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. हिरव्या टेकड्या, गाई, टुमदार घरं, आणि एकदम मध्येच खाणीचा उंच लोखंडी सांगाडा, वर दोन मोठी चाकं. भाऊजी बसमध्येच उभे राहिले. त्यांनी नवा शर्ट घातला होता. "ते पाह्य," ताईला म्हणाले, "त्या चाकावरून दोर जाते, दोराले पिंजरा असते. त्या पिंजऱ्यात आम्ही." इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

तिकीटखिडकीतली बाई मान हलवत होती. शेवटची फेरी साडेतीनला उतरली. मी वेबसाइटवर 'सहापर्यंत उघडं' एवढं वाचून पुढे सरकले होते. खाली शेवटचं कधी नेतात, हे पाहिलंच नव्हतं. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इथली सगळी कामं दुपारीच होतात. इथे दुपार म्हणजे दिवसाचं मधलं गोड पान, आणि मी तेच फाडून ठेवलं होतं.

"काहून वं," ताई म्हणाली, "आता?"

आता काय? दुसऱ्या दिवशी पहाटेची स्वित्झर्लंडची गाडी होती. त्याच्या पुढल्या सकाळी शिखरावर जाणाऱ्या डोंगरी रेल्वेची तिकिटं. वर हिमनदी. ठरल्या तारखेचीच तिकिटं, पैसे परत नाहीत, आणि पुन्हा काढायची ऐपत नाही. मी हे सगळं मनात जुळवत होते तोवर भाऊजी माझ्याजवळ आले. "राहू दे, माया. कोळसाच तं आहे. बाहेरून पाह्यलं ना तिनं." आणि कुंपणाशी जाऊन त्या चाकांकडे पाहत उभे राहिले, हात मागे बांधून.

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. एका माणसानं एकवीस दिवसांतून एक गोष्ट मागितली होती आणि मी ती हसण्यावारी नेली होती. माझी मलाच लाज वाटली. परतीच्या बसला पाऊण तास होता. त्या थांब्यावर, सहा वाजताच्या लखलखीत उन्हात बसून मी मोबाइलवर खाणीची, दुसऱ्या दिवसाची एक वाजताची तीन तिकिटं काढली. मग हॉटेलला फोन करून एक रात्र वाढवली, पहाटेच्या गाडीऐवजी परवाची काढली. ताईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "अन् तुझी हिमनदी?" मी म्हटलं, "फळ्यावर आहे ना."

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता आम्ही हेल्मेट आणि निळे कोट चढवून पिंजऱ्यात उभे होतो. वाटाड्या सत्तरीचा, बुटका, भक्कम. त्याचे वडील इटलीहून इथे खाणीत कामाला आले होते आणि तो स्वतःही कोवळ्या वयात खाली उतरला होता. पिंजरा खडखडत सुटला, उजेड वर राहिला, आणि ताईनं माझा हात असा धरला की बांगडी रुतली. जेमतेम तीस मीटर. भाऊजी माझ्या कानाशी म्हणाले, "आमचं याच्याहून कितीतरी खोल होतं."

खाली गारवा, ओल, लाकडाचे टेकू, कुठे कुठे कमरेत वाकून जावं लागेल इतकं ठेंगणं छत. वाटाड्यानं हवेवर चालणारं खणायचं यंत्र दहा सेकंद सुरू केलं, तर छातीत धडधड शिरली. मग त्यानं सगळे दिवे घालवले. मी आयुष्यात खरा अंधार पाहिलाच नव्हता, हे मला तिथे समजलं. डोळे उघडे की मिटलेले, काही फरक नाही. कुणाचा श्वास कुणाचा, कळेना. एवढ्या काळोखात माणसं रोज जात होती, डबा घेऊन, आणि परत येऊन घरी नुसतं 'जेवायला वाढ' म्हणत होती.

दिवे लागले तेव्हा भाऊजी घोळक्यात नव्हते. ते चार पावलं पुढे जाऊन बोटांच्या पेरांनी छत ठोकत होते, कान वर लावून. सवय. छत पक्कं असलं तर खणखणीत वाजतं, सुटलेलं असलं तर भद्द. वाटाड्या थांबला. त्यानं त्यांच्याकडे बघितलं, मग आपल्या हातातली काठी त्यांच्यापुढे धरली. भाऊजींनी ती घेतली आणि ठोकत ठोकत पुढे चालू लागले, तो त्यांच्या मागे, आणि आम्ही वीस परदेशी पर्यटक त्या दोघांच्या मागे. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती. एका वळणावर वाटाड्यानं बाही वर केली. कोपराखाली निळी रेघ होती, कातडीच्या आत. त्यानं वर छताकडे बोट दाखवलं, मग हातावर दगड पडल्याची खूण केली. जखमेत कोळशाची भुकटी राहिली की ती तशीच निळी भरून येते. भाऊजींनी आपलं मनगट त्याच्या हाताशेजारी धरलं. तशीच रेघ.

ताई पुढे झाली. "तुम्ही तं म्हणत होते शाईचा डाग आहे."

"तवा तू पोटुशी होती," भाऊजी म्हणाले. "काय सांगाव तुले?"

तिनं ते मनगट दोन्ही हातांत धरलं आणि वर येईपर्यंत सोडलं नाही. वाटाड्या तोंड फिरवून दिव्याची वायर उगाच नीट करत राहिला.

पिंजरा वर आला. दुपारचे अडीच. दार उघडल्यावर ऊन असं अंगावर आलं की मी डोळ्यांवर हात धरला. भाऊजींनी चेहरा वर केला, डोळे मिटले आणि तिथेच उभे राहिले. ताई त्यांच्याकडे बघत होती.

त्याच संध्याकाळी मी तक्ता फाडला आणि पुढचे पंधरा दिवस आम्ही जगासारखे फिरलो. कोलोनला गाडी बदलायला चाळीस मिनिटं होती. स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच ते काळं, आभाळाला भिडलेलं चर्च, मान दुखेस्तोवर वर पाहिलं. स्वित्झर्लंडमध्ये लाउटरब्रुनेनच्या दरीत उतरलो आणि माझे पाय थांबले. दोन्ही बाजूंनी सरळसोट कडे, खाली सपाट हिरवा तळ, कड्यांवरून कोसळणारे धबधबे. यू. अगदी फळ्यावरचा यू, फक्त मैलोन् मैल. मी रस्त्याच्या कडेला बसून रडले आणि ताईला म्हटलं, मी एकतीस वर्षं पोरांना हे फारच लहान करून शिकवलं. तिथे राहिलो ते दोन्ही दिवस शिखर स्वच्छ दिसत होतं. मी ते खालून पाहिलं. हळहळ वाटली, अजूनही वाटते.

व्हेनिसला गर्दी आणि शौचालयाला पैसे, दोन्हींची तयारी ठेवा. रोमला पँथिऑन मात्र बरोबर दुपारीच पाहा. त्या प्रचंड घुमटाच्या माथ्यावर गोल भोक आहे, उघडं, आणि त्यातून उन्हाचा खांब आत उतरतो. जवळजवळ दोन हजार वर्षं तो रोज तसाच उतरतोय, या विचारानं माझ्या अंगावर काटा आला. भाऊजी वर बघत म्हणाले, "खाणीच्या तळातून वरचं तोंड अस्सं दिसते. पैशाएवढं." ताईनं त्यांना हळूच ढकलून त्या उन्हात उभं केलं आणि मला म्हणाली, "काढ वं फोटो."

परत आलो तेव्हा नागपुरात नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक दिवस, तापला होता. घराचं दार उघडलं तर आतली हवा भट्टीतली. आमचे हे कूलरसमोरून उठले नाहीत. काय राहिलं सोबत, असं तुम्ही विचाराल. टॉवर राहिला, दरी राहिली, तो अंधार राहिला. आणि पुढच्यांसाठी एक सल्ला: युरोपचं नियोजन नागपूरच्या घड्याळावर करू नका.

चार दिवसांनी फोटो छापून सावनेरला गेले. गाडीचा एसी बिघडला म्हणून निघायला उशीर झाला आणि पोचले तेव्हा दुपारचा एक. भाऊजी अंगणात, त्यांच्या खुर्चीत, उन्हात. शेजारी दुसरी खुर्ची. तिच्यावर ताई बसलेली, डोक्यावर ओला दुपट्टा, घामानं निथळत.

"अगं ताई, आत चला दोघं," मी म्हटलं. "जीव जाईल."

"दहा मिनिटं थांब वं," ती म्हणाली. "चौतीस वर्षांच्या दुपारी बाकी आहेत त्यायच्या."

आणि दुपट्ट्याच्या टोकाची गाठ सोडून तिनं एक कांदा माझ्या हातात दिला.