चाळीस फॉर्म

आमच्या शाळेच्या क्लार्कबाईंची एक खोड होती. गरीब मुलांसाठीच्या सरकारी मदतीची वेळ आली, की त्या अख्ख्या वर्गाला फॉर्म वाटायच्या. डॉक्टरांच्या मुलीलासुद्धा.

"दहा जणांसाठी चाळीस फॉर्म! हौस दांडगी तुम्हाला," मी चिडायचे. वर्गशिक्षिका म्हणून ते गोळा करणं माझ्याच बोकांडी बसायचं.

"आमच्या वेळी सर म्हणायचे, गरीब मुलांनी उभं राहा," बाई शिक्के मारता मारता म्हणाल्या. "मी उभी राहायचे."

मी फॉर्म गोळा करायला लागले.

गेल्या वर्षी गाडं अडलं ते लाँड्रीवाल्याच्या फॉर्मवर. शाळेसमोरच्या टपरीत दिवसभर इस्त्री फिरवणाऱ्या या गृहस्थाने आपलं उत्पन्न चक्क डॉक्टरांच्या बरोबरीचं लिहिलं होतं. फॉर्म तसाच गेला असता तर त्याच्या मुलीची मदत हुकली असती. तिची पुस्तकं, बूट, सगळं त्यावरच अवलंबून, आणि शेवटची तारीख दुसऱ्याच दिवशी.

बाईंनी ऑफिसच्या कपाटात ठेवलेली आपली चांगली घडीची साडी काढली, मुद्दाम चुरगाळली आणि कोरा फॉर्म घेऊन टपरी गाठली. मीही गेले मागोमाग.

"दादा, एवढी कमाई आहे, तर इस्त्रीचे दर कमी करा की!"

तो ओशाळला. "बाई, कागद शाळेत फिरणार. पोरीची मान खाली जायला नको."

"चाळीस घरांचे कागद आहेत माझ्याकडे. कुणाच्या कागदावर काय आहे, ते माझ्या तोंडून बाहेर जायचं नाही."

त्याने माझ्याकडे बोट केलं. "आणि या बाई?"

"त्या नुसत्या चिडतात हो. बाहेर बोलत नाहीत."

मला हसू आवरेना. त्याने इस्त्री बाजूला ठेवली आणि त्याच टेबलावर खरं उत्पन्न लिहून नवा फॉर्म भरून दिला. मग साडीला इस्त्री करून दिली, पण तिचे पैसे घेईना, आणि ते दिल्याशिवाय बाई हलेनात.

दोन महिन्यांनी मदत पालकांच्या खात्यांत जमा झाली. त्याच आठवड्यात लाँड्रीवाल्याची मुलगी नवे बूट घालून ऑफिसात आली. मी तिथेच होते.

"बाई, एक विचारू? आपल्या वर्गातल्या गरीब मुलांना मिळाले का हो पैसे?"

बाईंनी हातातला शिक्का खाली ठेवला.

"मिळाले गं. सगळ्यांना मिळाले."

"बरं झालं," म्हणून ती पळत वर्गात गेली. मला रडूच कोसळलं.

यंदा फॉर्म आले, तेव्हा चाळीसचा गठ्ठा मी स्वतः जाऊन उचलून आणला.